वरची कडी

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ठमे,

आणि वर मलाच विचारतो, "मुलीची वागणूक कशी आहे?" माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चहा पिऊन. म्हटलं, हवालदार, दुसऱ्याची वागणूक विचारायची तर आधी बूट दाराबाहेर काढायचे होते, आत्ताच फरशी पुसलीय. बूट काढले नाहीत त्यानं. पाय उचलून पायपुसण्यावर ठेवले, तेवढीच काय ती सुधारणा.

तू लिहिलं होतंस की परदेशच्या नोकरीला पोलिसांचा दाखला लागतो, कायमचा पत्ता माझा दिलायस, तेव्हा चौकशीला कोणीतरी येऊन जाईल, दोन मिनिटांचं काम आहे. तुझी दोन मिनिटं कोणत्या घड्याळातली ते एकदा कळव. सोमवारी येतो म्हणाला, आला नाही. मंगळवारी मी रजा टाकून दाराकडे बघत बसले, आला नाही. बुधवारी कामावर गेले, तर मागाहून येऊन दाराला चिठ्ठी चिकटवून गेला, 'घरात कोणी नाही'. इस्पितळाच्या चादरी काय माझ्या घरी येऊन भिजत पडणार आहेत? धुलाईतली मुकादमबाई म्हणाली, "परदेशात शिकवायला भाची चाललीय की तू?" म्हटलं, भाचीच चाललीय, पण चप्पल माझी झिजतेय.

शेवटी आज उगवला. प्रश्न तर काय एकेक. हिला कधी अटक झाली होती का, कोणाशी मारामारी, कोणाला फसवलं का. मी म्हटलं, "बारा वर्षांची असल्यापासून दुसऱ्याच्या चुकांवर लाल शाईनं गोल काढते. याला कलम असेल तर लावा." हसला नाही. पेन मात्र कागदापर्यंत नेऊन थांबवलं, मला वाटलं आता लिहितोच की काय.

मग म्हणे दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात. आता तुला ठाऊक आहे, शेजाऱ्यांचं आणि माझं कसं आहे ते. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननं लगेच दिली, त्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याचं माझ्याशी कधी भांडण झालेलं नाही. दुसरी सही समोरच्या शिवणवालीची. मोरीच्या पाण्यावरून तिचा नि माझा अबोला. गेले तशीच. मशीन न थांबवता म्हणाली, "मुलीबद्दल विचारलंय म्हणून सही देते. तुझ्याबद्दल विचारलं असतं तर पुरवणी जोडली असती." घेतली सही नि आले. तुझ्यापायी हेही ऐकलं.

शेवटी विचारलं, लग्न झालंय का. मी म्हटलं, नाही. म्हणाला, नक्की? म्हटलं, बहीण गेल्यावर हिला मी वाढवली, मला ठाऊक नसणार तर कोणाला? त्यानं 'अविवाहित' लिहिलं, खाली मी सही केली. तीन वर्षांपूर्वी तुला त्या जिन्यावरून उठवून आणलं, त्या दिवशीच मी सांगून ठेवलं होतं, त्या कुलपाचं नाव या घरात निघायचं नाही. बायको बाहेर आणि दार आतून बंद, अशा माणसाला कुलूप नाही तर काय म्हणायचं. मी माझा शब्द पाळला. पोलिसापुढेही पाळला.

तू मागितलेला लग्नाच्या नोंदणीचा कागद पेटीच्या तळातून काढून सोबत घातलाय. शेवटी सोडचिठ्ठीचं मनावर घेतलंस, बरं झालं. जायच्या आधी ते लचांड इथेच ठेवून जा. तिकडे नव्यानं सुरू कर.

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतेस आणि ठेवतेस. कागदावर नुसतं हो हो लिहिता येत नाही.

तुझी मावशी


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र आणि नोंदणीचा कागद, दोन्ही मिळालं. तुला एवढे हेलपाटे पडतील असं खरंच वाटलं नव्हतं. शिवणवाल्या काकूंना माझा नमस्कार सांग. सांगणार नाहीस, तरी लिहिते.

पण मावशी, हे तू काय करून बसलीस? माझ्या अर्जात मी 'विवाहित' लिहिलंय. लिहावंच लागतं. कायद्यानं आम्ही अजून नवरा-बायको आहोत. आता अर्ज एक बोलतो आणि तुझा जबाब दुसरंच बोलतो. अशा वेळी पोलीस दाखला अडवून ठेवतात आणि पुढच्यांना वाटतं, बाई काहीतरी लपवतेय. मी कोणाला मारलं नाही, फसवलं नाही, आणि अडकणार कशात, तर तुझ्या एका 'नाही'त.

तिथल्या शाळेला दाखला मार्च संपायच्या आत हातात हवा आहे. नाही मिळाला तर ते यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावतील. त्यांनी तसं सरळ लिहिलंय, त्यात रागावण्यासारखं काही नाही. मी बत्तीस वर्षांची आहे मावशी. अशी संधी पुन्हा येईल असं धरून चालण्याचं वय राहिलं नाही. तेव्हा कृपा करून चौकीत जा आणि दुरुस्ती करून घे. रागावू नकोस, आणि तिथे कोणाला बूट काढायला सांगू नकोस.

इकडे बोटांचे ठसे द्यायला गेले होते. यंत्रावर माझी बोटं उमटेनात. इतकी वर्षं खडू धरून कातडी गुळगुळीत झालीय म्हणे. तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही चोरी केलीत तरी सापडायच्या नाहीत." मग शाई लावून कागदावर घेतले, तेही तिसऱ्या खेपेला जमले. दोन दिवस वह्यांवर काळे डाग पडत होते.

सगळ्याचाच थकवा आलाय. शाळा, मग रांगा, मग खोली. काल धुतलेली चादर घडी घालायला घेतली आणि तशीच खुर्चीवर टाकून दिली. तू म्हणायचीस ना, चादरीची घडी हे दोघींचं काम आहे. खरंच आहे ते.

बाकी भेटल्यावर बोलू.

तुझी ठमी


शनिवार, २१ फेब्रुवारी

ठमे,

दुरुस्ती झाली. कशी झाली ते आता वाच, आणि उभी असशील तर बस.

अर्धी रजा काढून चौकीत गेले. तिथल्या बाकड्याचा एक पाय आखूड आहे. मी या टोकाला टेकले की त्या टोकाचा म्हातारा वर जायचा. बिचारा सायकल चोरीला गेली म्हणून आला होता. म्हणाला, "बाई, तुम्ही जरा सांभाळून उठा, नाहीतर माझ्या तक्रारीत पडल्याची पण भर पडेल." अशी आमची वरखाली चालली होती, तेव्हा हवालदार आला.

म्हणाला, "बाई, तुम्ही पोलिसाला खोटं सांगितलंत."

म्हटलं, "खोटं नाही. लग्न नाही असं आम्ही धरलंय."

"धरलंय म्हणजे?"

"पायात काटा गेला, उपटून फेकून दिला. मग कोणी विचारलं काटा आहे का, तर नाहीच म्हणणार ना?"

"काटा काढल्याचा कागद आहे का?"

कागद नव्हता. तुझ्या फाइलीत 'अविवाहित' खोडून 'विवाहित' लिहिलं, शेजारी मी सही केली. म्हणाला, भाचीचं स्वच्छ आहे, सोमवारी पुढे पाठवतो. मी उठायला लागले, तशी त्यानं कपाटातून दुसरी फाइल काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. "मग यांच्याबद्दल काय म्हणता?"

फोटो होता. केस पातळ झालेत, गाल बसलेत, पण मी ओळखणार नाही होय. कुलूप.

म्हटलं, हा इथे कसा? हवालदार म्हणाला, "यांचाही अर्ज आलाय. तोच देश, तीच शाळा. शिक्षिकेचा नवरा म्हणून तिच्यासोबत. सोबत लग्नाच्या नोंदणीची नक्कल जोडलीय. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "माहीत आहे की."

हे मात्र खोटं सांगितलं. मग काय, पोलिसापुढे तोंडावर पडू?

तर त्या कागदाची गरज याला होती. मी पेटी उपसून, शिंका देत, स्वतःच्या हातानं तो पाकिटात घातला आणि वर तुला शाबासकी लिहिली. वाचून हसलीस का ग? की शरमलीस? काहीच लिहिलं नाहीस. 'बाकी भेटल्यावर' लिहिलंस. हे बाकी होतं होय.

अजून संपलं नाही. हवालदार म्हणतो, "मुलगी नवऱ्यापासून वेगळी राहते, घरची माणसं लग्नच नाही म्हणतात, आणि आता दोघं मिळून परदेशी निघालेत. हे साहेबांना खटकलंय. तुम्ही आधी 'नाही' का म्हणालात, आणि या माणसाबद्दल तुमची काही तक्रार आहे का, हे साहेब स्वतः लिहून घेणार. त्याशिवाय त्याचा दाखला सुटायचा नाही." साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलाय. मला वीस मार्चला, शुक्रवारी बोलावलंय.

म्हणजे बघ. ज्या शाळेपायी त्यानं तुला दाराबाहेर ठेवलं, त्याच शाळेचा हात धरून तो आता विमानात बसणार. आणि त्याचं तिकीट माझ्या जिभेवर आलंय. मी मागितलं नव्हतं.

आता तूच सांग, हवालदार खोटं बोलतो की तू?

मावशी


रविवार, १ मार्च

मास्तरीणबाई,

पत्र नाही. फोन लावला तर बंद. रोज कामावरून आल्यावर टपालाच्या पेटीत हात घालते, तर विजेचं बिल आणि पोस्टमनच्या नावाचं मासिक. शिवणवालीनं विचारलं, भाचीचा दाखला झाला का. अबोला मोडून विचारलं, एवढं माझं तोंड उतरलेलं असणार.

तुझा दाखला निघालाय. हवालदारानं निरोप पाठवला, थेट तुझ्या पत्त्यावर येईल. तुझ्यात मी काही अडवलेलं नाही, हे लक्षात ठेव.

मी चिडलेली नाही. म्हणजे आहे. पण त्याहून जास्त दमलेय. धुलाईत दिवसभर उभी असते, घरी येऊन तुझ्याशी मनातल्या मनात भांडते. निदान समोरून उत्तर तरी दे, एकटीनं दोन्ही बाजू किती दिवस बोलायच्या.

मावशी


गुरुवार, ५ मार्च

प्रिय मावशी,

दाखला काल आला. एक शिक्का, दोन ओळी, 'यांच्याविरुद्ध कोणतीही नोंद आढळली नाही'. एवढ्यासाठी एवढं. तरी हातात घेतल्यावर रडू आलं.

लिहायला बसले की कागद फाडत होते, म्हणून उशीर झाला.

तो ऑक्टोबरात आला. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभा होता. माझ्या आईचा फोटो त्या घरात राहिला होता ना, तो काचेला कागद गुंडाळून आणला होता. त्याची आई जूनमध्ये गेली, हे तेव्हा कळलं. मी फोटो घेतला आणि निघाले. पुढच्या रविवारी पुन्हा आला. खोलीत येऊन बसला, जाताना मोरीतली भांडी घासून गेला. मग दर रविवारी. चष्म्याच्या दुकानातली नोकरी अजून आहे त्याची. कधी माफी मागितली नाही, कधी परत चल म्हणाला नाही. तिकडच्या नोकरीचं मीच सांगितलं, आणि येतोस का हेही मीच विचारलं.

तुला हे सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी पेन उचललं की तू त्या जिन्यावर उभी दिसायचीस.

प्रेम आहे का विचारशील, तर मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की संध्याकाळी कुलूप काढून आत शिरायचं आणि दिवाही आपणच लावायचा, याचा मला कंटाळा आलाय. इथेच ही गत, तर तिथे काय होईल. अनोळखी भाषा, अनोळखी दुकानं, आजारी पडले तर पाणी कोण देईल. चार लोकांसारखी मी धीट नाही मावशी. तुला वाटते तेवढी तर नाहीच नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या मनात चुकीची बसलीय. त्या संध्याकाळी दार त्यानं लावलं नव्हतं. सासूबाईंनी लावलं होतं. तो मधे पडला नाही, एवढाच त्याचा दोष. तू चिडलेली होतीस, तेव्हा तुला सांगूनही उपयोग नव्हता.

साहेबांनी विचारलं तर 'काही तक्रार नाही' एवढंच सांग. तीन शब्द. मी तुझ्याकडे यापुढे काही मागणार नाही. पण त्याचा दाखला सुटला नाही, तर मीही जाणार नाही. शाळेला तसं कळवून टाकेन. एकटीनं मला नाही जमायचं.

तुझी ठमी


मंगळवार, १० मार्च

ठमे,

तुझं पत्र शनिवारी आलं आणि रविवारी तो स्वतः आला. तू पाठवलास की त्याचा तो आला, मी विचारलं नाही.

दार उघडलं तर कुलूप समोर. हातात काही नव्हतं, ते एक बरं केलं, फळंबिळं आणली असती तर जिन्यावरून खाली गेली असती. मी म्हटलं, "बस." आत यायला लागला. म्हटलं, "आत नाही. तिथे. जिन्यावर." बसला, पायरीवर. मी उंबऱ्याच्या आत खुर्ची घेतली. शिवणवाली खालून आली, त्याच्या डोक्यावरून पिशवी उचलून पलीकडे गेली आणि विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "चौकशीसाठी आलेत." म्हणाली, "यावेळी बूट बाहेरच ठेवलेस वाटतं."

त्याला बसवून ठेवलं बराच वेळ. मी माझे वाळलेले कपडे आवरत होते. त्यानं ना घड्याळ पाहिलं, ना उठला. मग मी विचारलं. तुझ्या पत्रातलं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "त्या दिवशी दार कोणी लावलं होतं?"

खाली बघत म्हणाला, "मी."

"आईनं नाही?"

"आई खाटेवर होती. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वरची कडी मी लावली."

"का?"

"शाळा की घर, ते तिनं एकदा ठरवावं म्हणून. वाटलं, थोड्या वेळानं दार वाजवेल. तिनं वाजवलंच नाही."

"मग उघडलं का नाहीस?"

पायरीवरची धूळ बोटानं पुसली त्यानं. मग म्हणाला, "आधी वाट बघत होतो. मग लाज वाटायला लागली. लाज वाटायला लागली की दार आणखीच उघडवत नाही, मावशी."

मला मावशी म्हणू नकोस म्हणणार होते, राहून गेलं. पाणी दिलं. चहा दिला नाही. माफ केलं असं समजू नकोस, माझं मन असं रुमालासारखं पटकन धुऊन निघत नाही. पण माणूस खरं बोलला, हे मला कबूल करावं लागतंय आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

आता तुझं. तू लिहितेस दार सासूबाईंनी लावलं. ठमे, मी होते तिथे. खालच्या मजल्यावरच्या बाईनं मला फोन केला, "तुमची मुलगी कधीची जिन्यात बसलीय." मी आले तेव्हा तू पायरीवर बसून, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन, जिन्याच्या पिवळ्या दिव्याखाली पोरांचे पेपर तपासत होतीस. अंगावर स्वेटर नाही. येणारे-जाणारे तुझ्यावरून पाय टाकून जात होते आणि तू प्रत्येकाला वाट द्यायला गुडघे सरकवत होतीस. मी दार बडवलं. वरची कडी सरकल्याचा आवाज झाला, म्हातारीसारखे पाय न घासता कोणीतरी चालत आलं होतं, आणि फटीतून तुझी पर्स बाहेर ठेवली गेली. तो हात म्हातारीचा नव्हता. मी पाहिला, तूही पाहिलास. आपण दोघींनी एकदमच पाहिला.

तिथून मी चौकीतच चालले होते. तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, "मावशी, नको. माझी शाळा आहे, मुलांचे आई-बाप काय म्हणतील." मी ऐकलं. म्हणून आज त्याच्या नावापुढे 'कोणतीही नोंद नाही'. त्याचा कागद कोरा आहे, कारण तू माझा हात धरलास. हवालदाराला वाटतं नोंद नाही म्हणजे काही झालंच नाही. त्याला तसं वाटलं तर चालेल, तो पगारी माणूस. पण तुलाही तसंच वाटायला लागलं असेल, तर मला काळजी आहे.

माझं डोकं तुझ्याएवढं शिकलेलं नाही, पण हे मी दोन दिवस चादरी पिळता पिळता नीट लावून पाहिलंय. ज्यानं कडी लावली आणि लावली म्हणून सांगतो, त्याच्याबरोबर माणसाला राहता येत असेल, कदाचित. लोक राहतात. पण त्यानं लावलीच नव्हती असं म्हणणाऱ्या बाईला मी एवढ्या लांब कशी पाठवू? तिकडे त्यानं पुन्हा दार लावलं, तर तू म्हणशील वाऱ्यानं लागलं. पुन्हा जिन्यावर बसून वह्या तपासशील. आणि तिथे खालच्या मजल्यावरच्या बाईकडे माझा नंबर नसेल.

तो बदललाय की नाही, मला ठाऊक नाही. साहेबालाही ठाऊक नसणार, त्याचा शिक्का मागचं बघतो, पुढचं नाही. मी त्याची चौकशी करतच नाहीये, ठमे. मी तुझी करतेय.

आणि ते चादरीचं. दोघींचं काम आहे असं मी म्हणायचे, कारण तेव्हा तू लहान होतीस आणि तुला समोर यायला आवडायचं, चार कोपरे जुळवायला. एकटीलाही घालता येते घडी. दोन कोपरे दाराच्या कडीला नाहीतर खिळ्याला अडकवायचे, आपण मागे जायचं, ताणायचं, मग पुढे यायचं. जोडीदारीण रजेवर असली की मी दिवसच्या दिवस तशाच घालते. वेळ लागतो, खांदे भरून येतात, पण घडी तीच होते. एकटीला जमत नाही म्हणून त्याला नेऊ नकोस. न्यायचं तर तो हवा म्हणून ने.

तुझा दाखला तुझ्या हातात आहे. तो मी अडवला नाही नि अडवणार नाही. तू जाणार नाही म्हणालीस, तर ते तुझं तू शाळेला कळव, माझ्या गळ्यात घालू नकोस.

त्याचं असं. वीस तारखेला शुक्रवारी साहेबापुढे मी बसणार. त्याआधी तुझ्याकडून मला एका ओळीचं पत्र हवं. फोन नको, हो हो नको. दार कोणी लावलं होतं, ते तुझ्या अक्षरात. दुसरं काही लिहायची गरज नाही, कारणं नकोत, आईचा फोटो नको, घासलेली भांडी नकोत.

खरं लिहिलंस, तर मी साहेबाला तुझे ते तीन शब्द सांगेन आणि सही करून येईन, मग तुम्ही दोघं जा नाहीतर एकटी जा. पण त्या ओळीत पुन्हा म्हातारी आली, किंवा ओळच आली नाही, तर मी जिना पहिल्या पायरीपासून सांगेन. मला सगळा पाठ आहे.

पोस्टाला तीन-चार दिवस लागतात, धरून चाल. गुरुवारी, एकोणीस तारखेला मी कामावरून येईन आणि पेटीत हात घालेन. तेव्हा त्यात तुझं पत्र हवं.

मावशी